भावाच्या आजारात घर सांभाळताना

तुझ्या भावाचं स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन महिनाच झालाय, म्हणून आधी हे सांगते. आवाज ऐकू येतात असं तो म्हणाला तर वाद घालू नकोस. "मला येत नाहीत, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय," एवढंच म्हण. माझ्या मुलालाही हाच आजार आहे, त्याच्याशी मी यावरून दोन वर्षं भांडले, दोघंही पार थकलो.

गोळी हातात ठेवून निघून जाऊ नकोस. आमच्याकडे त्या उशीच्या अभ्र्यात सापडल्या होत्या, चांगल्या अकरा. आता सकाळच्या चहाला मी समोर बसते, तो गोळी घेतो, मग पेपर उघडतो. बरं वाटतंय म्हणून मनाने औषध बंद केलं की आजार बहुतेकदा उलटतो. झोप उडाली तर लगेच डॉक्टरांना फोन कर, आमच्याकडे तीच पहिली खूण असते.

आणि तुझं काय गं? रात्रीची जागरणं सगळी तुझ्यावरच, हे मला अजिबात पटत नाही. आईबाबांशी वाटून घे. नोकरी तर सोडूच नकोस. पुण्यात धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे, तिथे कुटुंबीयांच्या स्वमदत गटाची चौकशी कर. असल्या गटात जायचं मी लाजेपायी सहा महिने टाळलं, पहिल्या दिवशी मात्र नुसती रडले आणि हलकी झाले. रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

अपंगत्वाच्या दाखल्याचंही बघ, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. पहिल्या दिवसापासूनची प्रिस्क्रिप्शन्स एका फाइलमध्ये लावून ठेव.