जंगलात झाडाखाली सापडलेली अळंबी नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की टोपी पांढरट-हिरवट आहे, देठावर कडं आहे आणि देठ जमिनीलगत चाकूने कापून आणलात. अडचण तिथेच झाली. तिची खरी ओळख बहुतेक अजून मातीत आहे. सुरुवातीला मीही असंच कापून आणायचो.

पुन्हा जाल तेव्हा शेजारची एखादी अळंबी भोवतालची माती उकरून बुडासकट अलगद उचला. बुडाशी फाटक्या पिशवीसारखं आवरण आहे का बघा. अमानिता या अळंब्यांच्या वंशातल्या बऱ्याच जाती कोवळ्या असताना अंड्यासारख्या आवरणात असतात. वाढताना ते फाटतं आणि उरलेलं बुडाशी राहतं. बुडाशी पिशवी, देठावर कडं, टोपीखाली पांढऱ्या पट्ट्या: तिन्ही एकत्र दिसलं की मी ती जीवघेणीच धरतो. डेथ कॅप ही अतिविषारी अमानिता अशीच असते. तिचा हिरवटपणा पावसाने फिका होतो, कधी ती मुळातच पांढरी असते, म्हणून रंगावर विसंबू नका. कडंही गळून पडलेलं असू शकतं.

तुमच्याकडची टोपी ताजी असेल तर आजच बीजाणूंचा (टोपीखालून झडणाऱ्या बारीक भुकटीचा) ठसा घ्या. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या, त्यावर पट्ट्या खाली करून टोपी ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर हलवू नका. काळा भाग हवाच, कारण पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही. अमानिताचा ठसा पांढरा पडतो, बटण मशरूमच्या वंशाचा गडद चॉकलेटी. पण ठसा पांढरा नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. लाकडावर उगवणाऱ्या गॅलेरिना मार्जिनाटाचा ठसा गंजासारखा तपकिरी असतो आणि तिच्यात डेथ कॅपसारखीच अमाटॉक्सिन ही जीवघेणी विषं असतात.

किड्यांनी खाल्लेली अळंबी चालते, शिजवताना टाकलेली चांदी काळी पडली नाही तर चालते, हे कृपा करून मानू नका. अमाटॉक्सिन शिजवून नष्ट होत नाहीत. त्रास बहुधा 6 तासांनंतर सुरू होतो, मध्ये बरं वाटतं आणि तोवर यकृताची हानी चालूच असते. कुणी खाल्लीच असेल तर लक्षणांची वाट न पाहता, उरलेला तुकडा घेऊन थेट रुग्णालय गाठा.

पट्ट्या देठाला चिकटल्यात की आधीच थांबल्यात, तेही बघा. बूड, पट्ट्या आणि ठसा यांचे फोटो टाका. जवळ कोणती झाडं होती तेही लिहा. तोवर ती स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.