पाणी उतरल्यावरचं काम

प्रिय पोरी,

पुराबद्दलचं तुझं निवेदन दोनदा वाचलं. भाषा झणझणीत आहे आणि राग खोटा नाही. पण 'सर्व लोकप्रतिनिधींनी राजीनामे द्यावेत' ही ओळ मी पेन्सिलीने खोडली आहे. ही मागणी त्यांना आवडते, कारण तिचं पुढे काही होत नाही. त्याच पानावर तू विचारलंस, 'आमच्या गावाला किती नावा आहेत?' ती ओळ मी अधोरेखित केली आहे. तिचं उत्तर द्यावं लागतं.

'पूर्वीचे नेते बरे होते' असंही लिहिलंयस. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीत जमीन हलली आणि त्याच दिवशी मुख्यमंत्री शरद पवार तिथे पोचले, तळ ठोकून राहिले, हे खरं आहे. माणूस वेळेवर आला की यंत्रणा हलते. पण आपल्या कृष्णाकाठाचा हिशेब मांड. 2005 च्या पुरात सरकार एकांचं होतं, 2019 ला दुसऱ्यांचं, 2021 ला तिसऱ्याच जुळणीचं. पाणी मात्र त्याच गल्ल्यांत आलं.

2019 ला मी सरकारी नोकरीत होतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका मानतात, तिथे पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला माणसांनी खचाखच भरलेली नाव उलटली. बाया गेल्या, लेकरं गेली. इतकी माणसं एका नावेत का चढली, याचं उत्तर सोपं आहे: दुसरी नाव येईल याचा भरवसा कुणालाच नव्हता. त्याच दिवसांत एका मंत्र्यांचा बोटीतून हात हलवतानाचा व्हिडिओ फिरला आणि धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवून आले. लोक भडकले, बरोबरच भडकले. पण मला त्याहून जास्त डाचतो तो एक कागद. घर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असेल तर दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ, असा शासन निर्णय होता. शब्द साधेच, पण ते घेऊन दारोदार आम्हाला जायचं होतं.

उतारावरच्या आळीत एक आज्जी ओल्या पोत्यावर बसली होती. पोत्यातली ज्वारी फुगून तिला मोड आलेले आणि घरात गाळाचा, मेलेल्या उंदराचा वास. मी विचारलं, ''पाणी किती दिवस होतं?'' ती म्हणाली, ''लेका, मी काय घड्याळ घेऊन बसले नव्हते.'' मी तिच्या नावापुढे दोन दिवसांहून जास्त असं लिहिलं. तिच्या वरच्या चार घरांत पाणी दीड दिवस होतं, तिथे मी खरं ते लिहिलं. त्या चार घरांतला एक जण आजही मला बघून रस्ता बदलतो. मी नियम पाळला, असं स्वतःला सांगून बघितलं. पटत नाही.

म्हणून सांगतो, बाई. नेता पुरात चुकतो ते सगळ्यांना दिसतं. तो खरा चुकतो जानेवारी ते मे या महिन्यांत, आणि तेव्हा कॅमेराही नसतो, तुझं निवेदनही नसतं. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा सांगतो की जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा. त्यासाठीच्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष निवडून आलेला माणूस. म्हणजे बैठक झालीच नाही तर जाब नुसता साहेबांना विचारायचा नाही, आपल्या माणसालाही विचारायचा. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज कर. बैठक कधी झाली, कोण हजर होतं, आपल्या गावापुढे काय लिहिलंय, एवढंच विचार. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मग पूररेषा. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, बांधकाम नको. 100 वर्षांच्या पुराच्या लाल रेषेपर्यंत अटींवरच. हे आपल्या पुढाऱ्यांना पाठ आहे, कारण ती रेषा कुठून सरकवायची याचीच त्यांची धडपड असते. ओढ्यावर मुरूम पडतो, पुढच्या वर्षी तिथे मंगल कार्यालय उभं राहतं, उद्घाटनाला सगळेच पक्ष जेवायला असतात. मीही जेवलोय.

खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं काय, असं तू विचारशील. कर्नाटक उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटरवर नेऊ बघतंय आणि त्याला विरोध व्हायलाच हवा, असं माझं मत आहे. पण 2019 नंतर पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीने मुख्य दोष अलमट्टीवर टाकला नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं. व्यासपीठावरून अलमट्टी सोपी पडते. ती लांब आहे, आणि तिथे आपले मतदार नाहीत.

ग्रामपंचायतीला उभं राहायचं म्हणतेस. राहा. पण त्याआधी 1 मे च्या ग्रामसभेत एक ठराव मांडून बघ: गावाला दोन यांत्रिक नावा, जॅकेट, पेट्रोलची सोय, नाव चालवणाऱ्या चार पोरांची नावं, आणि आयर्विनला पाणी 40 फुटांना आलं की आधी कुठली आळी हलवायची त्याचा क्रम. सरपंच म्हणतील, 'घेऊ पुढच्या सभेत.' तेव्हा उठून जाऊ नकोस, वहीत नोंद घ्यायला लाव. पहिल्यांदा हसतील. तुझ्या चुलत्यालाही हसू येईल, त्याचं प्लॉटिंग निळ्या रेषेला चिकटून आहे हे तुला माहीत असेलच. घरात कडू होईल. त्याची तयारी ठेव.

शेवटचं एक काम, ते घाईचं आहे. आमच्या ओसरीच्या भिंतीवर पाण्याच्या तीन खुणा आहेत, 2005, 2019 आणि 2021 च्या. कोळशाने ओढल्यात, तारखा सुनेच्या अक्षरात. नातीचं लग्न ठरलंय, रविवारी रंगारी येणार. मी त्याला तेवढा पट्टा सोड म्हणालो तर घरात सगळे माझ्यावर ओरडले. शनिवारी टेप आणि तुझा मोबाईल घेऊन ये. जोत्यापासून मोजू, फोटो काढू, ठरावाला जोडायला होतील. ते नारूकाकांच्या, म्हणजे गावच्या जुन्या कोतवालांच्या दारावरही खिळा ठोकलाय म्हणे, तोही बघून घेऊ.

तुझा,
काका