कंपनीत 'एथिक्स प्रोग्रॅम' सुरू करायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की कंपनीत दीडशे माणसं आहेत, एका परदेशी ग्राहकाने आचारसंहिता मागितली आणि साहेबांनी ते काम तुमच्या गळ्यात घातलं. बारा वर्षांपूर्वी माझंही असंच झालं. चाकणजवळच्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी क्वालिटीत होतो आणि मराठी बरं लिहितो एवढ्याच कारणावरून हे माझ्याकडे आलं.

नेटवरून चार आचारसंहिता उतरवल्या, त्यांची बावीस पानी पुस्तिका केली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि एचआरच्या दाराशेजारी तक्रारपेटी लावली. पेटीच्या बरोबर वर सीसीटीव्ही कॅमेरा होता. माझ्या ते लक्षातच आलं नाही, कामगारांच्या पहिल्याच दिवशी आलं. वर्षभरात पेटीतून निघाले ते गोळ्या-चॉकलेटचे कागद.

त्याच वर्षी महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असली की पीडीआय रिपोर्ट, म्हणजे माल निघण्याआधीच्या तपासणीचा कागद, मोजमाप न घेताच भरला जायचा. मागच्या लॉटचे आकडे, शेवटचा अंक बदलून. भरणाऱ्या पोराची पुस्तिकेवर सही होती. नियम त्याला ठाऊक होता. पण ट्रक निघाला नाही तर संध्याकाळच्या मीटिंगमध्ये कोण आणि काय बोलणार, हे त्याला त्याहून पक्कं ठाऊक होतं.

म्हणून पुस्तिका राहू द्या, आधी टार्गेट बघा. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेकडे आचारसंहिताही होती आणि तक्रारीसाठी एथिक्स हॉटलाइनही. पण प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादनं विकायची असा शाखांवर दबाव होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली. 2016 मध्ये प्रकरण बाहेर आलं तेव्हा अशा खात्यांचा अंदाज 20 लाखांच्या घरात होता. दंड 18.5 कोटी डॉलर. सुमारे 5,300 जणांना कामावरून काढलं, त्यात बहुतेक खालचेच. मला त्याहून बोचतं ते हे: लॉस एंजेलिसच्या एका मॅनेजरने वरिष्ठांना आणि त्याच हॉटलाइनला संशयास्पद प्रकार कळवले होते. 2010 मध्ये त्याचीच नोकरी गेली. अमेरिकी कामगार खात्याने त्याला परत घेऊन सुमारे 54 लाख डॉलर द्यायचा आदेश काढला, तोपर्यंत 2017 उजाडलं.

आता तुमच्या कारखान्यात पहिल्या तक्रारदाराचं काय होतं, त्याला रात्रपाळी लावतात की चहा पाजतात, याकडे दीडशे माणसं डोळे लावून बसलेली असतात.

कायद्याचं थोडक्यात. दहा किंवा अधिक कर्मचारी असले की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, बाहेरच्या सदस्यासकट. शेअर बाजारात नोंद असलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांचं 50 कोटींवर कर्ज असलेल्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने तक्रारयंत्रणा सक्तीची आहे. तुम्ही त्यात बसत नसलात तरी एक गोष्ट उचला: तक्रार साहेबांना वळसा घालून वर पोचायची वाट ठेवा. आणि पुरस्कारांच्या मागे लागू नका. सत्यम या आयटी कंपनीला 2008 मध्ये उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक मिळाला होता, जानेवारी 2009 मध्ये त्याच कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली.

सप्लायरच्या दिवाळी भेटींचं मात्र सोपं आहे. आमच्याकडे सगळे डबे-पाकिटं गेटवर नोंदवून लकी ड्रॉ काढायचो, कंत्राटी कामगारांसकट. पहिल्या वर्षी खरेदी विभागाने महिनाभर तोंड फुगवलं.

पेटी पुढे कँटीनच्या मागे, हात धुवायच्या जागेजवळ हलवली. तीन महिन्यांनी पहिली चिठ्ठी निघाली: 'डाळ पाण्यासारखी असते.' मी हसलो होतो, पण प्लांट हेडने त्या दिवशी कामगारांच्या रांगेत बसून तीच डाळ खाल्ली आणि आठवड्यात ठेकेदाराला बोलावून घेतलं. काय केलं ते नोटीस बोर्डावर लावलं. पीडीआयबद्दलची चिठ्ठी त्यानंतर पंधरा दिवसांनी आली, दोन वेगवेगळ्या अक्षरांत.