स्मार्ट चष्म्याचा धंद्यात आणि मार्केटिंगमध्ये खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की मिरजेत तुमचं सुकामेवा-मसाल्याचं दुकान आहे, भाचा 'स्मार्ट चष्मा घ्या' म्हणून मागे लागलाय, आणि तीस हजार घातल्यावर धंद्याला आणि जाहिरातीला त्यातून काय मिळणार ते तुम्हाला उमगत नाहीये. माझं कुपवाड एमआयडीसीत बेदाणा धुऊन, प्रतवारी करून पॅक करायचं छोटं युनिट आहे. मी हा चष्मा घेतला तेव्हा घरातल्यांनी वेड्यात काढलं होतं. निम्मं त्यांचं बरोबर निघालं.

आधी गैरसमज काढून टाका. माझ्याकडचा रे-बॅन मेटा आहे. मे 2025 मध्ये भारतात आला, तेव्हा किंमत 29,900 रुपयांपासून पुढे होती. त्याच्या काचेत काहीही दिसत नाही. फ्रेमच्या कोपऱ्यात 12 मेगापिक्सलचा कॅमेरा, काड्यांमध्ये स्पीकर आणि माइक, बस्स. काचेत अक्षरं दिसणारा मेटा कंपनीचा दुसरा प्रकार सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेत 799 डॉलरला निघाला. भाचा कुठल्याबद्दल बोलतोय ते विचारून घ्या.

आता उपयोग. बेदाण्याचा गिऱ्हाईक लांबचा असतो आणि माल बघितल्याशिवाय भाव बोलत नाही. पूर्वी मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने बॉक्समधला माल वर-खाली करायचो. पण बेदाणा दाखवायला दोन हात लागतात. ओंजळभर घ्यायचा, मूठ आवळायची आणि सोडायची. दाणे सुटे झाले तर माल नीट वाळलेला, गोळा झाला तर ओल आहे. मग एखादा दाणा फोडून आतला गर दाखवायचा, दाण्याला देठाची काडी राहिलीय का ते दाखवायचं. चष्मा घातला की हे सगळं मी ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने समोरच्याला दिसतं. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर तो तिकडून म्हणतो, 'खालचा थर दाखवा', मी कोपरापर्यंत हात घालून खालचा काढतो. वरती चांगला आणि तळाला भुरका, हा संशय तिथेच संपतो. मला विचाराल तर मार्केटिंग म्हणजे एवढंच. बाकी रील वगैरे पोरं करतात. व्हिडिओ उभाच येतो, त्यामुळे त्यांचं काम होतं.

पण यातच मी एकदा आपटलोय. ट्यूबलाइटखाली शूट केलेला माल एका परराज्यातल्या व्यापाऱ्याला हिरवा दिसला, पोचल्यावर पिवळसर निघाला. 15 किलोचे 40 बॉक्स होते. किलोमागे पाच रुपये सोडून विषय मिटवला, म्हणजे चष्म्याच्या किमतीचा दहावा हिस्सा एका कॉलमध्ये गेला. तेव्हापासून सकाळी शटरजवळच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवूनच दाखवतो. तुम्ही हळद-मिरची विकता, तुम्हाला तर रंगाचं हे दुखणं माझ्याहून जास्त होणार.

पैसे खरे वसूल झाले ते मात्र विक्रीत नाही, कलर सॉर्टरपाशी. या मशीनमध्ये दाणे उतारावरून घसरतात, कॅमेरा रंग बघतो आणि नको तो दाणा हवेच्या फटकाऱ्याने बाजूला उडतो. एके दिवशी चांगला मालच उडायला लागला. इंजिनिअर यायला दोन दिवस लागणार होते. मी चष्मा घालून त्याला व्हिडिओ कॉल लावला, दोन्ही हातांनी पॅनल उघडलं. तो म्हणाला, 'आधी हवेच्या लाइनचा फिल्टर दाखवा.' वाटीत दोन बोटं पाणी साचलेलं. त्या पाण्याने एका कडेचे वॉल्व्ह अडकत होते. चाळीस मिनिटांत मशीन चालू. असं काम आधी फोनवर केलंय, पण फोन धरायला उभं केलेलं पोरगं निम्मा वेळ छतच दाखवायचं. एवढंच की कंप्रेसर चालू असला तर कानात काही ऐकू येत नाही. आणि बेदाण्याने चिकट झालेलं बोट चष्म्याच्या काडीवर फिरवलं की आवाज वाढवायचा असतो तर गाणं सुरू होतं.

मोठ्या कंपन्यांचं शहाणपणही याच बाजूचं आहे. गूगल ग्लास 2013 मध्ये 1,500 डॉलरला रस्त्यावरच्या माणसासाठी काढला, लोकांनी कॅमेऱ्यावरून शिव्या घातल्या, जानेवारी 2015 मध्ये ती विक्री थांबवली. 2017 मध्ये तोच चष्मा कारखान्यांसाठी परत आला आणि 2023 पर्यंत टिकला. डीएचएल या माल पोचवणाऱ्या कंपनीने 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या एका गोदामात कामगारांना डोळ्यांसमोर अक्षरं दिसणारे चष्मे देऊन बघितले. कुठल्या रॅकमधून किती नग उचलायचे ते डोळ्यांसमोरच दिसायचं. वेग 25 टक्के वाढला असं कंपनीचं म्हणणं होतं. बोइंगनेही विमानातल्या वायरींच्या जुडग्यांसाठी वापरले. म्हणजे हात गुंतलेत आणि माहिती दुसरीकडे आहे, अशा ठिकाणी.

आणि जिथे माणसं समोर बसलेली असतात तिथे? मार्केट यार्डात सौद्याला एकदा घालून गेलो. रेकॉर्डिंग चालू असलं की पुढे बारीक पांढरा दिवा लागतो, पण उन्हात तो कुणाच्या लक्षात येतोय! शेजारचे एक जुने अडते म्हणाले, 'काय हो, आमचे भाव कुठं पाठवताय?' चेष्टेत म्हणाले, पण त्यानंतर माझ्याजवळ उभं राहून कुणी मोकळं बोलेना. युनिटमध्ये तर निवडणीला बसणाऱ्या एका मावशींनी सरळच सांगितलं, 'मालक, तेवढा चष्मा काढून या की, मग बोलू.' आता निवडणीच्या खोलीत मी तो खिशात ठेवतो.

त्यामुळे तुमच्या दुकानात काउंटरवर बसून घालायला घेत असाल तर नका घेऊ. बायका खरेदीला येतात, मालकाच्या डोळ्यावर कॅमेरा बघून एक जरी पायरीवरून मागे फिरली तरी तोटा तुमचाच. पण मागच्या खोलीत मसाला कुटताना, भाजताना, ऑर्डरचं पार्सल भरताना व्हिडिओ हवे असतील आणि बाहेरगावचे ठोक गिऱ्हाईक असतील, तर विचार करा. बॅटरी दिवसभर पुरेल असं धरू नका, माझी सलग वापरात दुपारीच मान टाकते. तुम्हाला नंबर असेल तर नंबरच्या काचांचा खर्च वेगळा.

भाच्याला घेऊन एकदा कुपवाडला या. माझा चष्मा घाला, मिरचीचं एक पोतं उघडून तुमच्याच एखाद्या गिऱ्हाइकाला कॉल लावा. येताना कोरा पांढरा कागद तेवढा आणा.