मैत्रीण दुरावतेय असं वाटतं तेव्हा

प्रश्न : मी २६ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. अकरावीपासूनची माझी जिवलग मैत्रीण आणि मी एकाच फ्लॅटवर राहतो. सहा महिन्यांपूर्वी तिने नोकरी बदलली, नवा ग्रुप झाला. मागच्या रविवारी ती त्यांच्यासोबत राजगडला गेली, ते मला स्टेटसवरून कळलं. मी चार दिवस अबोला धरला. शेवटी ती म्हणाली, ‘तुझ्याजवळ गुदमरायला होतं.’ मी तिच्यासाठी एवढं केलं, माझं काय चुकलं?

उत्तर : न सांगता गेली याचं वाईट वाटणं अगदी साहजिक आहे. पण तिने का सांगितलं नसेल, हा प्रश्न तुझ्या पत्रात कुठेच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. सांगितलं असतं तर तुझा चेहरा पडला असता, ‘कोण कोण आहे?’, ‘मला का नाही विचारलंस?’ सुरू झालं असतं. कटकट टाळायला माणूस आधी अर्धवट सांगतो, मग सांगायचंच सोडतो. ते उघडं पडलं की तुला वाटतं, माझा संशय खराच होता. तू आणखी चौकशी करतेस, ती आणखी लपवते.

अबोल्याचंही तेच. तू रुसलीस की ती समजूत काढते, तुला दोन दिवस बरं वाटतं. पण रुसल्यावरच माया मिळते अशी सवय मनाला लागते आणि पुढच्या वेळी तेवढी समजूत पुरत नाही. तिला मात्र घरी येण्याचंच दडपण यायला लागतं. ‘एवढं केलं’ हा हिशेब तर सोडूनच दे. तिने मागितलं नव्हतं.

आधी माफी माग, एकदाच आणि थोडक्यात : ‘चार दिवस बोलले नाही, ते चुकलं. तू कुणाबरोबर फिरायचं हे मी ठरवणार नाही. मला एकटं वाटलं होतं, ते सरळ सांगायला हवं होतं.’ पुढे ‘पण तूसुद्धा’ जोडू नकोस. ‘आपण पहिल्यासारख्याच ना?’ असंही विचारू नकोस, नाहीतर पुन्हा समजूत काढायचं काम तिच्यावरच पडेल.

व्हॉट्सॲपवर तिचं स्टेटस म्यूट कर. ती ऑनलाइन आहे का हे बघावंसं वाटलं की फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि वीस मिनिटं कपड्यांच्या घड्या कर, भांडी लाव. ती तगमग बहुतेक वेळा ओसरते. बघत बसलीस तर वाढते.

नव्या ग्रुपबद्दल एकही टोमणा नको. ट्रेकचं विचार, पण ‘कोण कोण होतं’ नको. ‘पाली दरवाजाने चढलात की गुंजवण्याकडून?’ असं विचार आणि ती सांगेल ते ऐक.

आठवड्यातली एक संध्याकाळ दोघींची असावी, असं तिला सुचव. नाही म्हणायची मोकळीक तिला हवी. बाकीच्या संध्याकाळी तुझ्या स्वतःच्या असू देत, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८च्या अभ्यासात जवळची मैत्री जमायला २००हून अधिक तासांची सोबत लागते, असं दिसलं. आठवड्याला तीन तास धरले तरी वर्षाच्या वर गेलं. म्हणून एखादा क्लास किंवा ट्रेकिंग ग्रुप धर आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतील असं बघ. चार भेटींत सोडू नकोस.

दोन-तीन महिने हे नीट पाळूनही ती ठरलेली भेट दरवेळी मोडत असेल, तर मात्र तुझी तक्रार रास्त आहे. तेव्हा शांतपणे बोल, आणि वेगळं राहायचा पर्यायही मोकळेपणाने मांड. या सगळ्यात झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीत बोलता येतं.