तलावावर पिवळा रंग पडलाय, हरकत कशी घ्यावी?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेने प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला आहे. त्यात गावतलावाचा फुगवट्याकडचा (पाणी मागे पसरतं तिकडचा) भाग पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवासी विभागात दाखवला आहे आणि तलावात येणाऱ्या ओढ्यावरूनच बारा मीटरचा रस्ता नेला आहे. हा तलाव दुष्काळी कामातून शेतीसाठी बांधलेला, शंभर वर्षांहून जुना. तिथल्या बाभळींवर चित्रबलाक आणि पांढरे शराटी घरटी करतात. उथळ पाण्यात कमळपक्षी आणि टिबुकल्या असतात. हरकतींसाठी तीस दिवस दिलेत, त्यातले अकरा गेले. अडचण अशी, की तलावाला लागून आमची दोन एकर सामाईक जमीन आहे आणि सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. आराखडा मंजूर झाला तर तिचा भाव चढेल. भाऊ म्हणतात, ‘हरकत घेतलीस तर सगळ्यांचं नुकसान, आणि तुला एकटीला तसा अधिकारही नाही.’ मी काय करू? – एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी भावांच्या शेवटच्या वाक्याचं बघू, कारण तुमचा हात तिथेच अडलाय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये प्रारूप आराखड्यावर ‘कोणतीही व्यक्ती’ लेखी हरकत घेऊ शकते. जमीन असायला हवी, सहहिस्सेदारांची संमती हवी, अशी काहीही अट नाही. तुम्ही सामाईक जमिनीचा व्यवहार करत नाही आहात, एक नागरिक म्हणून म्हणणं मांडत आहात. फक्त अर्जात ‘आम्ही सर्व खातेदार’ असं लिहू नका. स्वतःच्या नावाने लिहा, आणि शेजारच्या गटात आपला हिस्सा आहे हे स्वतःहून नमूद करा. ते लपवलंत तर सुनावणीत कुणीतरी काढणारच. उघड सांगितलंत तर स्वतःचा फायदा बाजूला ठेवून आलेली व्यक्ती म्हणून हरकती ऐकणारी नियोजन समिती तुमचं ऐकेल. भावांचा राग कायद्याने जाणार नाही. पण अर्ज देण्याआधी तो त्यांना वाचून दाखवा, त्यांना बाहेरून कळता कामा नये.

आता मुख्य गोष्ट. तलावाचा भाग पिवळा झाला कसा? माझा अंदाज असा, की पाहणी उन्हाळ्यात झाली असेल. आराखड्याआधी याच अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे विद्यमान भूवापराचा नकाशा करावा लागतो. मार्चनंतर पाणी ओसरलं की फुगवट्याची जमीन उघडी पडते, लोक तिथे गाळपेर (ओसरलेल्या गाळात पेरणी) करतात आणि नकाशा करणाऱ्याला ते साधं मोकळं रान दिसतं. पावसाळ्यात त्याच जागी कमरेएवढं पाणी असतं. म्हणून तुमच्या हरकतीचा कणा पक्ष्यांवर उभा करू नका, पाण्याच्या रेषेवर करा. तलाव ज्या खात्याकडे आहे (जलसंपदा, मृदा व जलसंधारण किंवा जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग) तिथून पूर्ण संचय पातळीची, म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या पातळीची, नोंद मागा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या, त्यात तलाव आणि ओढा दोन्ही दिसतील. त्या पातळीच्या आतली जमीन तलावच आहे, मे महिन्यात ती कोरडी असली तरी. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २० नुसार खाजगी मालकीचे नसलेले ओढे, नाले, तलाव ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. तुमच्या गावचा तलाव कुणाच्या सातबाऱ्यात जात नसेल, तर त्यावर घरं दाखवण्याचा प्रश्नच कसा येतो, हे अर्जात सरळ विचारा.

पाणथळ जागांचे २०१७ चे नियम तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. सिंचनासाठी खास बांधलेले तलाव त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत आणि तुमचा तलाव नेमका तसा आहे. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा धरला. पण त्याच निकालात, शासन हे जनतेच्या वतीने जलाशयांचं विश्वस्त आहे हे तत्त्व मानवनिर्मित तलावांनाही लागू होतं, असंही सांगितलं. तुमच्या कामाचं वाक्य ते आहे. त्याला जोडून जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा २०११ चा निकाल द्या. तिथे गावतळं बुजवून घरं बांधली होती, पैसे भरून ती नियमित करायची तयारीही झाली होती. न्यायालयाने ते मान्य केलं नाही.

ओढ्यावरचा रस्ता मला तलावाइतकाच गंभीर वाटतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याच्या पुराने काय केलं ते आपण पाहिलंय. पूरनियंत्रण आणि नद्यांचं प्रदूषण रोखण्याचे प्रस्ताव विकास आराखड्यात असावेत, असं नगररचना अधिनियमाचं कलम २२ म्हणतं. निसर्गरम्य भागाचं जतनही त्याच कलमात आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत नाल्याच्या काठापासून ठरावीक अंतराच्या आत बांधकामाला जागा नाही. ज्या ओढ्याच्या काठाला घर चालत नाही, त्याच्या पात्रावरूनच रस्ता न्यायचा हे आराखडा करणाऱ्यांनी समजावून सांगावं, अशी मागणी करा. आणि ओढा अडला तर तलावात पाणी येणार कुठून?

पक्ष्यांसाठी दोन कागद लागतील. पहिला तुमच्या नगरपरिषदेकडेच असायला हवा: जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे तिची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे स्थानिक वनस्पती-प्राण्यांची नोंद. त्यात तलावाचे पक्षी नोंदलेले असतील तर नगरपरिषदेचीच नोंद नगरपरिषदेच्या नकाशाविरुद्ध बोलेल. नोंदवही केलेलीच नसेल, तर तसं अर्जात लिहा. दुसरा कागद तुम्ही करा: सारंगागाराचे (पक्ष्यांच्या घरट्यांच्या वसाहतीचे) तारखेनिशी फोटो, किती झाडं, किती घरटी. वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. घरटी असताना कुणी तिथे जेसीबी लावला, तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, आराखडा मंजूर होवो न होवो. इंदापूर तालुक्यातल्या भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक असेच बाभळींवर घरटी करतात. तुमच्या नगरपरिषदेच्या लोकांनी एकदा तिथे जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

मागणी काय करायची, यात बरेच लोक चुकतात. ‘तलावाकाठी उद्यानाचं आरक्षण टाका’ असं लिहू नका. उद्यान म्हटलं की काठाला भिंत, फरशी, दिवे आणि कारंजं येतं, आणि कमळपक्ष्याला जागा उरत नाही. शिवाय खाजगी जमिनीवरचं आरक्षण दहा वर्षांत संपादनाविना पडून राहिलं तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही तर ते आरक्षण गळून पडतं. तुम्ही मागा ते असं: पूर्ण संचय पातळीपर्यंतचं संपूर्ण क्षेत्र ‘जलाशय’ म्हणून दाखवावं, ओढा आणि सांडव्याचा नाला मूळ रुंदीने दाखवावेत, रस्त्याची आखणी बदलावी, आणि काठालगतचा पट्टा शेती किंवा हरित विभागात ठेवावा. तुमची दोन एकरही त्या पट्ट्यात येईल, हे पत्करूनच सही करा.

अर्ज दिल्यावर सुनावणी होते. नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात, आणि नगररचना किंवा पर्यावरणाची जाण असलेल्या जास्तीत जास्त चार व्यक्ती बाहेरून नेमलेल्या असतात. या बाहेरच्यांकडे बघून बोला. प्रत्येक हरकतदाराचं म्हणणं ऐकणं त्याच अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे समितीला बंधनकारक आहे, पण तिथे वेळ थोडाच मिळतो. एकच नकाशा न्या, ज्यावर पाण्याची रेषा लाल शाईने काढलेली असेल.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाचा विचार आत्ता नको. नगररचना कायदा आणि वन्यजीव कायदा दोन्ही त्याच्या परिशिष्टात (ज्या कायद्यांखालची प्रकरणं ते ऐकतं त्यांच्या यादीत) नाहीत, त्यामुळे निव्वळ आराखड्याविरुद्धचा अर्ज तिथे टिकायचा नाही. भराव पडला, सांडपाणी सोडलं, तर मात्र ते दार उघडं आहे आणि तिथे साधारण सहा महिन्यांची मुदत असते, ती पहिल्या दिवसापासून मोजा. आराखडा तसाच मंजूर झाला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागेल, आणि तेव्हा तिथे पहिला प्रश्न येईल की मुदतीत हरकत घेतली होती का.

तुमच्याकडे एकोणीस दिवस आहेत. माहिती अधिकारातलं उत्तर यायला तीस दिवस लागू शकतात, म्हणून त्या वाटेने जाऊ नका. आराखड्याचे नकाशे आणि अहवालाच्या प्रती नगरपरिषदेत पैसे भरून विकत मिळतात, त्या उद्याच घ्या. पूर्ण संचय पातळीचा कागद वेळेत आला नाही तरी हरकत थांबवू नका, ‘पुरावा सुनावणीत सादर करेन’ असं लिहून द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि आवक क्रमांक, तारीख, शिक्का दुसऱ्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.