फेस न येऊ देता भरलेला ग्लास

पत्र

माई, माझा मुलगा 16 वर्षांचा आहे, अकरावीला. दहावीत 91 टक्के मिळाले त्या दिवशी ह्यांनी त्याच्यासमोर अर्धा ग्लास बिअर ठेवली. ‘आता मोठा झालास,’ म्हणाले. तेव्हापासून दर शनिवारी हे आणि धाकटे दीर गच्चीत बसले की त्यालाही हाक जाते. मी काही बोलले तर ह्यांचं उत्तर ठरलेलं, ‘कॉलेजच्या मागे चोरून पिणारच आहे, त्यापेक्षा माझ्यासमोर घेऊ दे. फ्रान्समध्ये लहानपणापासून देतात.’ गेल्या शनिवारी भज्यांची बशी घेऊन वर गेले, तर मुलगा काकांचा ग्लास भरत होता. ग्लास तिरका धरून, जराही फेस न येऊ देता. माझ्या पोटात गोळा आला. सासूबाई म्हणतात, पुरुषांच्यात पडू नकोस. धाकटी आठवीत आहे, ती सगळं बघत असते. मीच जुनाट आहे का?

— एक आई, नाशिक

उत्तर

प्रिय ताई,

नाही, जुनाट नाही आहात. तुमच्या पोटात गोळा आला तो योग्य जागी आला.

फ्रान्सचं नंतर बघू. आधी तो तिरका ग्लास. बिअर तशी ओततात हे बघून कळतं, पण फेस न येऊ देता ओतायला हाताला सवय लागते. तुमच्या यजमानांना वाटतंय, आपण पोराला प्रमाणात प्यायला शिकवतोय. पोरगा शिकलाय बैठक सांभाळायला. कुणाचा ग्लास रिकामा झाला, बर्फ संपला का, काकांना आणखी लागेल का. थांबायचं कुठे हा धडा त्या गच्चीत अजून कुणी घेतलेला दिसत नाही, आणि दोन ग्लास पोटात गेलेल्या मास्तरांकडून तो घेतला जाईल असं मला वाटत नाही.

तरी मी तुमच्या यजमानांवर डाफरणार नाही. सोळा वर्षांचा मुलगा घरात असतो म्हणजे काय, हे आपण जाणतो. दार बंद, कानात इअरफोन, ‘जेवलास का?’ला ‘हं’. असा मुलगा शनिवारी तास-दीड तास बापाशेजारी बसतो, काकांच्या विनोदांना हसतो. बापाला ते सोडवत नसणार. त्यांना मुलगा हवाय, बिअर निमित्त आहे. हे ओळखलंत तर भांडणाची अर्धी धार जाईल. नुसतं ‘त्याला देऊ नका’ म्हटलंत, तर त्यांना ऐकू येईल ‘त्याला तुमच्यापासून उठवून नेते’.

आता त्यांचा मुद्दा. घरात मिळाली की बाहेर हावरेपणा करणार नाही, असं खूप आईबाप मनापासून मानतात. ऑस्ट्रेलियात ह्याच प्रश्नावर साधारण 1,900 मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला, मुलं 12-13 वर्षांची होती तेव्हापासून. 2018 साली निष्कर्ष छापून आले. आईवडिलांनी दिल्यामुळे मुलं पुढे जपून पितात, असं काही आढळलं नाही. उलट ज्यांना घरून मिळत होती, त्यांनी पुढच्या वर्षी बाहेरूनही मिळवण्याची शक्यता दुप्पट निघाली. घरची मिळते म्हणून बाहेरची सुटत नाही, दोन्हीकडची चालू राहते.

आणि फ्रान्स! तिथे एके काळी शाळेच्या जेवणात मुलांना वाईन मिळायची, हे खरं आहे. पण 1956 साली तिथल्याच सरकारने 14 वर्षांखालच्या मुलांसाठी ती बंद केली. आज तिथे 18 वर्षांखालच्या मुलाला दारू विकता येत नाही. आपण ज्यांचा दाखला देतो ते लोक कधीच पुढे गेलेत.

‘बिअर म्हणजे काय पाणीच’ हेही गच्चीत म्हटलं जात असेल. पुढच्या वेळी रिकामी बाटली उचलताना लेबलावरचं बारीक अक्षर वाचा. स्ट्राँग बिअरवर बहुधा ‘8 टक्क्यांपर्यंत’ असं असतं. 650 मिलीच्या अशा एका बाटलीत 50 मिलीच्या आसपास निव्वळ अल्कोहोल जातं. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये ते तेराच्या आत असतं. म्हणजे एक बाटली झाली चार छोटे पेग. मुलासमोर चार पेग ओळीने मांडायला तुमचे यजमान धजावतील का, हे त्यांनाच विचारा. डोकं तर पंचविशीपर्यंत घडत असतं, आणि ‘आता बस’ म्हणणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो.

कायद्याचं एकदाच सांगते, धमकी म्हणून वापरू नका. महाराष्ट्रात बिअर-वाईनला 21 आणि बाकी दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 77 वं कलम आहे: डॉक्टरने सांगितल्याशिवाय 18 वर्षांखालच्या मुलाला दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बापाने घरात दिली तर चालते, अशी सवलत त्यात नाही. (सर्दी झाली की कोमट पाण्यात ब्रँडीचे दोन चमचे देणारी आमची आजी आज असती तर तिची काही खैर नव्हती.) मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, तेव्हा मुलाच्या वडिलांवर गुन्हा दाखल करताना हेही कलम लावलं होतं.

बोलायचं कधी? शनिवारी रात्री नाही, आणि दिरांसमोर तर मुळीच नाही. रविवारी सकाळी चहा झाल्यावर, दोघंच चालायला गेलात तर उत्तम. सुरुवात मुलापासून करा: ‘तो तुमच्याजवळ बसतो ते मला आवडतं. बसू दे. फक्त त्याच्या हातात ग्लास नको, आणि तुमचा ग्लास त्याने भरायचा नाही.’ दिरांना काय सांगायचं ते त्यांचं ते बघतील, तुम्ही मध्ये पडू नका. मग धाकटीचं विचारा. ती सोळाची झाली की तिलाही गच्चीत बोलावणार का? उत्तर ‘छे, काहीतरीच!’ असं आलं, तर हे चाललंय ते शिकवणं आहे का, हा प्रश्न त्यांना आपोआप पडेल. तुम्ही गप्प राहा. तो प्रश्न त्यांच्याकडेच राहू द्या.

बापलेकांसाठी दुसरं निमित्तही लागेल. पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर जाऊ देत, घरातली स्कूटर उघडून बसू देत, काहीही. एक मात्र बापानेच मुलाला सांगायला हवं: ‘कुठेही अडकलास, मित्र पाजायला लागले, परत यायला धड गाडी नसली, तर रात्री दोन वाजता फोन कर. मी घ्यायला येईन आणि त्या रात्री एक शब्द बोलणार नाही.’ आणि हे पाळायचं, म्हणजे बापाला शनिवारी रात्री दोन वाजता गाडी चालवता आली पाहिजे. ह्या मुद्द्यावर ते जरा थांबतील, बघा.

मुलाची उलटतपासणी घेऊ नका. ‘नको म्हणायचं असेल तर मित्रांना काय सांगतोस?’ एवढंच विचारा. काही सुचत नसेल तर बापाचं नाव पुढे करायची मुभा द्या. ‘बाबा दारातच तोंडाचा वास घेतात’ ही सबब अजूनही चालते.

शनिवारची बैठक बुधवारीही भरायला लागली असेल, तर तो वेगळा विषय आहे. तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी खोदत नाही. लागलाच तर व्यसनमुक्तीचा सरकारी क्रमांक 14446 लिहून ठेवा. घरच्यांनीही तिथे फोन करायचा असतो, पिणाऱ्यानेच करावा असं नाही.

येत्या शनिवारी भजी तळलीत तर गच्चीत बशी तुम्ही नेऊ नका. खाली स्वयंपाकघरात दोन्ही मुलांना गरम गरम वाढा. वरच्यांना हवी असतील तर ते खाली येऊन घेऊन जातील.

रविवारी काय झालं ते कळवा.

तुमची,
माई